न वाचता मोडलेली बैठक

बालाघाट,
डिसेंबर २००९

प्रिय श्रिया,

हे सगळे ई-मेलने लिहिता आले असते. लिहिले नाही, कारण तुझ्या खात्यात फक्त तूच डोकावतेस याची मला खात्री नाही. तुलाही ती नसावी, एरवी माझ्या प्रत्येक फोनला ‘आई, हे फोनवर नको’ असे म्हणून तू हवापाण्याकडे वळली नसतीस. हैदराबादच्या थंडीविषयी आता मला पुरेसे ज्ञान झाले आहे. राजेगावचे दुलीचंद वकील उद्या गोंदियाला जाणार आहेत आणि तिथले कुरियर लवकर पोचते, म्हणून पत्र त्यांच्या हाती देते आहे. लपवाछपवीचे माझे वय नाही आणि स्वभाव तर कधीच नव्हता. पत्र क्रमाने वाच. मधली पाने ओलांडून शेवटावर उडी मारण्याची तुझी सवय मला ठाऊक आहे. आज ती आवर.

प्रेमलाल अजून आत आहे. बिरशाच्या शाळेतून, शिकवत असताना चालू वर्गातून पोलिसांनी त्याला उचलले, हे तुला मी सांगितले होते. पुढचे सांगू लागले तेव्हा तू फोन ठेवलास. जंगलातल्या सशस्त्र टोळ्यांना मदत करणे आणि लोकांना चिथावून जमा करणे असे दोन आरोप आहेत, आणि दोन्हींचा पुरावा एकच: तुमच्या कंपनीच्या साईटवर त्याने चालवलेली ‘कोयतूर बैठक’, म्हणजे गोंडांची बैठक. मी त्याला जेलमध्ये भेटून आले. मी तब्येतीची चौकशी केली. जाळीपलीकडून त्याने मलाच विचारले, “मैडम, बैठक फिर चालू हुई क्या?” मी नाही म्हटले. त्याने मान हलवली. मनगट सुजलेले होते आणि ते तो शर्टाच्या बाहीखाली ओढून घेत होता. मी त्याविषयी विचारले नाही. पहारेकरी आमच्या दोघांच्या मध्येच उभा होता.

ही बैठक म्हणजे काय प्रकार होता, हे मी तुला सांगावे असे नाही. पण कोर्टात सांगायचे तर ते नीट मांडता आले पाहिजे, म्हणून मांडून पाहते. मी तिथे सदस्य होते ती प्रेमलालच्या आग्रहाने. मला तो प्रकार पहिल्यापासून विस्कळीत वाटत असे. कोणाचाही कोणत्याही विषयावर मजकूर, शीर्षकाचा पत्ता नाही, एकाच्या शोकवार्तेखाली दुसऱ्याची सोयरीक. मी तसे त्याला बोलूनही दाखवले होते. तो हसला आणि म्हणाला, बैठकीत असेच असते, मैडम, व्याख्यानात नसते. गोंडी देवनागरीत लिहायची असा त्याचा नियम होता. अडले तर हिंदी. उकव्याहून बैहरला जाणारी संध्याकाळची बस बंद झाली हे मला तिथेच कळले. कोणत्या हाटात महू, म्हणजे मोहाची फुले, तोलताना काटा मारतात, भिलाईला गेलेल्या कोणाला खोली हवी आहे, पेरणीची गाणी, म्हाताऱ्यांकडून टिपून घेतलेल्या गोष्टी, असे सगळे. मग ऑगस्टमध्ये जंगलातल्या एका गावाला उठवण्याची नोटीस लागली, आणि प्रेमलालने तिथे ग्रामसभेची तारीख टाकली. गावाने जमावे, रेशनकार्ड बरोबर आणावे, अंगठा देण्याआधी कागद वाचून घ्यावा. ग्रामसभा भरवणे हा गुन्हा असेल तर आधी पंचायत बंद करावी लागेल.

सप्टेंबरमध्ये बैठक नाहीशी झाली. तिच्या जागी तुमच्या कंपनीची एक हिंदी सूचना आली, जी लिहिणाऱ्याला हिंदी येत नव्हती आणि नियमही येत नव्हते, कारण कोणता नियम मोडला ते त्याने सांगितलेच नव्हते. त्याच आठवड्यात मी एक प्रयोग केला. आपल्याच गावातल्या काही पोरांचा तुमच्याकडे एक गट आहे. त्यात बैहरच्या बाजूने कॉलेजला येणाऱ्या मुलींविषयी जे लिहिलेले असते ते मी या कागदावर उतरवणार नाही. त्याची मी रीतसर तक्रार केली. उत्तर आले की मजकूर तपासला, नियमभंग आढळला नाही. तो गट आजही आहे. आज सकाळीच पाहिला. गोंडीतली बैठक मात्र नाही, आणि दुलीचंद चौकशी करून आले त्याप्रमाणे छत्तीसगडच्या बाजूचे गोंडीतले गटही त्याच दिवसापासून दिसत नाहीत. एका भाषेतली शिवी चालते आणि दुसऱ्या भाषेतली बसची वेळ चालत नाही, याला अपघात म्हणण्याइतकी भोळी मी नाही.

यातला माझा तर्क पुरा झाला तो तुझ्यामुळे. दिवाळीला तू आली होतीस तेव्हा प्रेमलाल बाहेर होता, शाळेत जात होता, कोणाच्या मनात काही नव्हते. तू ओट्याशी उभी राहून सोऱ्यातून चकल्या पाडत होतीस आणि ऑफिसातला किस्सा सांगावा तसे सांगत होतीस. साहेबांना प्रशासनाकडून फोन आला, मागोमाग गटांची यादी आली, सगळे तासाभरात हटवायचे. त्या मजल्यावर गोंडी वाचणारी तू एकटी. तू म्हणालीस, मला येते, मी वाचून सांगते. तुझे साहेब म्हणाले, “पढ़ना नहीं है, हटाना है.” तू हटवलेस. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कंपनीने ठेवलेली प्रत उघडून तू सारे वाचलेस. ग्रामसभेची तारीख, रेशनकार्ड, आणि त्याखाली वाघाला विहिरीपाशी नेणाऱ्या सशाची गोष्ट. “आई, ससासुद्धा गेला गं,” म्हणालीस आणि हसलीस. मीही हसले. चकल्या त्या दिवशी तुटत होत्या. भाजणीत मोहन कमी पडले होते, आणि मी तुला त्यावरून बोलले. सशावरून बोलले नाही.

आता पोलिसांचा कागद पाहा. त्यात लिहिले आहे की संबंधित कंपनीने मजकूर तपासून, आक्षेपार्ह आढळल्याने, स्वतः होऊन काढून टाकला. मी आयुष्यभर मुलांना तर्कशास्त्र शिकवले, आणि त्यातला अन्योन्याश्रय नावाचा दोष समजावताना मला नेहमी ओढूनताणून उदाहरणे रचावी लागत. इथे सरकारने आयते दिले आहे. प्रशासन म्हणते आक्षेपार्ह आहे, म्हणून कंपनी काढते. कंपनीने काढले, म्हणून पोलीस म्हणतात आक्षेपार्ह आहे. दोघे एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत आणि जमिनीवर कोणीच नाही. मजकूर तर आता कोणाला दिसतच नाही. प्रेमलालने काय लिहिले हे न्यायाधीशांना दाखवायचे तर दाखवायला काही उरलेले नाही, आणि जे उरले आहे ते तुमच्याकडे आहे.

मी हे सगळे दुलीचंदांना मुद्देसूद सांगितले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाले, “बाई, तुमचं समदं खरं हाय, पण थे ऐकीव हाय. तुमी पोरीपासून ऐकलं, पोरीनं पाह्यलं. कोर्टात ऐकीवाले कोनी विचारत नाही. पोरगी येऊन राह्यली का, थे सांगा मले.” मी म्हटले, युक्तिवाद निर्दोष आहे. त्यावर ते म्हणाले, “तुमी मले कॉलेजात दोनदा नापास केलतं, याद हाय ना? आज मी तुमाले करून राह्यलो. हिशेब नाही ठेवत, पण मजा येते.” माणूस पान खाऊन बोलतो, फायलीवर चहाचे डाग असतात, आणि या जिल्ह्यात हे प्रकरण घ्यायला दुसरा कोणी तयार नव्हता.

गोदाबाई लेकासाठी येऊन गेली. उकव्याची पहिली बस पकडून आली. खाणीवर खनिज वेचून बोटे जशी कायमची काळी झाली आहेत तशीच आहेत. मी खुर्ची दिली, ती बसली नाही. रडली असती तर मला काय करावे ते कळले असते. ती भांडायला आली होती. म्हणाली, “बाई, प्रेमलाल पहिले दुसऱ्या जागी लिहीत होता. मग बोलला, आता श्रियाच्या कंपनीत लिहीन, उधर अपनी लड़की बैठती है, कोनी हात नाही लावणार. मग काहून असं झालं?” हे मला माहीत नव्हते. तुला होते का? मागच्या उन्हाळ्यात तू त्याला म्हणाली होतीस म्हणे, दादा, आमच्याकडे या, मी आहे ना. मी गोदाबाईला म्हटले की निर्णय श्रियाचा नव्हता, वरचा होता. ती म्हणाली, “हटाया तो उसी ने ना? हाथ तो उसका था. माझ्या कडेवर बसून बोलायला शिकली थे पोरगी. मराठी मागून शिकली.” मग पाणीही न पिता गेली. मी तिच्या मागे फाटकापर्यंत गेले आणि तिथे उभी राहिले.

तुझ्या बाबांशी माझे बोलणे सध्या जेवायला वाढण्यापुरते आहे. परवा एक साध्या कपड्यांतला माणूस आला. नम्र होता, चपला बाहेर काढल्या. मॅडम कोणकोणत्या मंडळांत आहेत, आणि मुलगी कुठे असते, एवढेच विचारले. तुझ्या बाबांनी हैदराबाद म्हणून सांगून टाकले आणि तो गेल्यावर दार लावून माझ्यावर उसळले. “उमा, तुला प्रत्येक गोष्टीत सिद्धान्त लागतो. पोरीला नोकरी लागते. तिच्या फ्लॅटचा हप्ता तुझे तर्कशास्त्र भरणार आहे का?” आमचे गुणाकरराव एरवी इतका वेळ माझ्याशी वाद घालत नाहीत. खाणीत सर्व्हेअर असताना ते भिंतीला तडा दिसला की माणसे बाहेर काढत, कारणे मागून शोधत. त्यांना तडा दिसतो आहे. मलाही दिसतो. पण माणूस आत आहे, श्रिया, आणि तो आपला आहे. हे वाक्य मी त्यांना ऐकवले. त्यावर ते म्हणाले, “आणि श्रिया कोणाची?”

आता ज्यासाठी हे लिहिले ते. सोमवारी जामिनाची सुनावणी आहे. जामिनाच्या अर्जाला दुलीचंदांनी दुसरा अर्ज जोडला आहे, की कंपनीने जपलेली प्रत मागवावी, आणि हटवण्याचे काम प्रत्यक्ष ज्याने केले त्या व्यक्तीचे म्हणणे नोंदवून घ्यावे. त्या व्यक्तीला नाव लागते. ते मी दिले. काल दुपारी, कचेरीबाहेरच्या टायपिस्टच्या टेबलाशी उभी राहून, एकेक अक्षर नीट उच्चारून दिले. तुला विचारले नाही, कारण विचारले असते तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मग तुझा नकार मोडून मी तेच केले असते. कोर्टाचा कागद तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर येईल आणि बहुधा तुझे साहेब तो तुझ्याआधी उघडतील. त्याच्या आधी तुला हे माझ्याकडून कळावे एवढ्यासाठी हे पत्र. तू ‘आठवत नाही’ म्हणू शकतेस. त्या स्वयंपाकघरात आपण दोघीच होतो, आणि मी उलट सांगून तुला खोटी पाडणार नाही. मग प्रेमलाल आत राहील. खरे सांगितलेस तर तुझी नोकरी जाईल, कदाचित आणखीही काही होईल, आणि ते मला थांबवता येणार नाही. ही निवड तुझ्यासमोर ना कंपनीने ठेवली, ना पोलिसांनी. मी ठेवली. तू यायचे ठरवलेस तर गोंदिया स्टेशनवर बाबा येतील. त्यांना मी अजून काही सांगितलेले नाही, आज जेवताना सांगणार आहे. मलाही यायचे आहे. पण मी समोर दिसावे असे तुला वाटेल की नाही, हे मला काही केल्या ठरवता येत नाही. तेवढे तू कळव.

तुझीच, हे वाचून झाल्यावरही तुझीच,
आई