भुरी खाईना

१३ फेब्रुवारी १९४६, बुधवार

भुरीनं आजही दुधाला तोंड लावलं नाही. वाटी तशीच. वर साय धरली, सायीवर माशी बसली, भुरीनं माशीकडं नुसतं पाहिलं आणि मान टाकली. एरवी माशी सोडणारी मांजर नव्हे ती!

सोमवारी संध्याकाळी उसाच्या गाड्यांमागं फिरणाऱ्या कुत्र्यानं तिला धरलं. मागची मांडी फाडली. मी दगड मारून सोडवलं, सदऱ्यात गुंडाळून घरी आणलं. हाड शाबूत आहे, चाचपून पाहिलं. जखमेला लगेच करंजाचं तेल लावलं, आणि सकाळ-संध्याकाळ लावतोय. गावातल्या सहादेवबरोबर बैलांच्या बाजारात एक हंगाम काढला, तेव्हा शिकलो ते. बैलाचा खांदा सोलवटला, शिंग लागलं, की करंजेल. माशी फिरकत नाही, किडे पडत नाहीत. घोडेगावला एक तांबडा बैल होता, एका शिंगाचा, त्याच्या कानामागं एवढी जखम — पण ते असू दे. भुरीचं लिहायला बसलो होतो.

मुद्दा असा की भुरी गेली तर या घरात माझ्याशी बोलणार कोण?

आई बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी शाळेतली शिपायाची नोकरी सोडून भंडारदऱ्याकडं निघालो तेव्हा म्हणाली होती, "गेलास तर तुझ्याशी तोंड उघडनार न्हाई." गेलो. गेल्या नाताळाच्या सुमारास परत आलो. आई शब्दाची पक्की. दारात मला पाहिलं आणि पायाशी बसलेल्या मांजरीला म्हणाली, "भुरे, बघ कोन आलंय. त्याला सांग, पाय धुवून आत ये म्हनावं."

तेव्हापासून सगळा कारभार भुरीमार्फत. "भुरे, सांग त्याला, भाकरी झाली." "भुरे, इचार त्याला, सदरा पान्यात कवा टाकनार?" मीही तसंच — "भुरे, आईला सांग, मीठ कमी आहे." त्यावर आई, "भुरे, म्हनावं सवताच्या हातानं घे!" मांजर बिचारी दोघांच्या मधे बसून अंग चाटायची. बरं चाललं होतं!

आता ती चुलीमागं पाटीत पडलीय आणि घर गप्प आहे. आई भाकरी ठेवते आणि परसात निघून जाते.

१४ फेब्रुवारी

अंडं फोडलं. पिवळं बोटावर घेऊन तिच्या तोंडाशी धरलं. नाक पुढं आलं — आलं! — आणि लगेच मागं. डोकं झटकलं. तोंडातून लाळ.

शेजारच्या छबूबाईंनी शेळीचं दूध आणून दिलं. म्हणाल्या, "यशया, तापल्या सळईची डागनी देऊन बघ की. आमच्या गोऱ्ह्याला दिल्ती, दुसऱ्या दिशी उठून कडबा खायाला लागला."

"गोऱ्हा आणि मांजर एक आहे का, छबूबाई?"

"मंग बैलाचं त्याल कशाला चोळतुयास?"

हसलो. बाया कशातही बोलतात.

दूध कोमट करून कापसाच्या वातीनं पाजलं. चार थेंब आत गेले, बाकी माझ्या मांडीवर.

रात्री प्रार्थनेला आई नेहमीप्रमाणं डोळे मिटून बसली. मुक्या जिवाला हात लाव, प्रभू, म्हणाली. मग जरा थांबली आणि म्हणाली, "आन् प्रभू, हंड्यात पानी न्हाई." मी उठून हंडा भरून आणला. परत येतो तर आई ओशाळल्यासारखी बसलेली. देवाला असल्या कामाला लावणं तिला पटलं नसावं. पुन्हा नाही करणार ती.

१५ फेब्रुवारी

पाणी पिते. खात नाही.

१६ फेब्रुवारी, शनिवार

सुकट आणायला श्रीरामपूरला गेलो. वाळल्या कोळंबीचा वास आला की ही मेलेली असली तरी उठेल, असा माझा हिशेब. बाजारात लगेच मिळाली. सरळ परत यायचं तर पाय स्टेशनकडं वळले. एक मालगाडी उभी होती. पलटणीतून सुटून आलेला एक गडी ट्रंकेवर बसून मिसरदेशातल्या उंटांच्या गोष्टी सांगत होता. उंट रुसला की खात नाही म्हणे, मग त्याला गाणं म्हणून दाखवतात. मी उभाच राहिलो ऐकत! भानावर आलो तेव्हा उन्हं कलली होती. सारा रस्ता पळत. मनात एकच — तेवढ्यात गेली असली तर?

होती. डोळे अर्धे मिटलेले.

सुकट तव्यावर भाजली, हातानं चुरली, कोमट पाण्यात कालवली. वासानं कान उभे राहिले. जिभेनं ओठ चाटले! मी बोट पुढं केलं, तिनं एकदा चाटलं — आणि अख्खं अंग थरथरलं. लाळेची तार लोंबली. तोंड फिरवून पाटीच्या कडेत खुपसलं.

उंटासारखं गाणंही म्हणून पाहिलं. आईनं चुलीपुढून माझ्याकडं अशी नजर टाकली की दुसरं कडवं गिळलं.

नेमके तेव्हाच छबूबाईंचे मालक, मच्छिंद्रभाऊ, दारात आले. बराच वेळ पाहत उभे राहिले.

"लाळ गळतीय."

"अशक्त झालीय, भाऊ."

"अशक्ताची लाळ न्हाई गळत. कुत्रं पिसाळल्यालं आसंल. आमच्या घरात ल्हान लेकरं हायती, यशया. पोत्यात घाल आन् पाटात सोड."

"पाणी पिते ती! पिसाळलेलं पाण्याला भितं. तुमच्यादेखत पाजतो."

पाजलं. प्याली. पण त्यांचं समाधान झालं नाही. बुधवारपर्यंत बघतो म्हणाले. तोवर खायला लागली तर ठीक, नाही तर ते स्वतः पोतं घेऊन येणार. माणूस वाईट नाही. लेकरांचं भय आहे त्यांना. मलाही आहे. पिसाळलेली असली तर? माझं बोट किती वेळा चाटलंय तिनं!

आईनं सगळं ऐकलं. पाटी उचलून आपल्या अंथरुणाशी नेऊन ठेवली.

१७ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये लक्ष लागलं नाही. पाळकसाहेब कशावर बोलले विचाराल तर सांगता येणार नाही.

येताना खाटकाकडून काळजाचा तुकडा आणला. बारीक केला. चिमटीनं तोंडात सारला. थुंकली.

माझंही तोंड कडू पडलंय. भाकरी कडू, कालवण कडू. हिवताप येणार बहुतेक, पाटाच्या कडेला डास फार. कोयनेलच्या दोन गोळ्या घेतल्या — त्यांनी आणखी कडू! आईला सांगावंसं वाटलं. सांगणार कसं? पाटीशी बसून म्हणालो, "भुरे, मला बरं वाटत नाही गं." आईनं ऐकलं असेल. भाकरी थापायचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा थापट थापट. भुरीनं डोळा उघडलाच नाही, आणि भुरी ऐकत नसेल तर आई उत्तर देत नाही. असा तिचा नेम दिसतोय.

मांडीची जखम मात्र छान सुकतेय. पू नाही, वास नाही. तेल चोख काम करतंय. सारखी चाटते, तरी मी पुन्हा लावतो. मग खात का नाही ही? जखम भरतेय आणि मांजर मरतेय!

१८ फेब्रुवारी, सोमवार

बोटं चुरचुरतायत, पण लिहितो.

सहादेव बुधवारी पहाटे घोडेगावला निघतोय. शुक्रवारचा बाजार, चार खोंड विकायचे आहेत. चल म्हणतो. म्हणून दुपारी त्याच्या गोठ्यात गेलो. बोलता बोलता ढेप फोडली, गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तोंडात टाकला आणि थू करून पार दावणीपर्यंत उडवला.

"आयला! जहर हाय का काय हे? कशात बुडवलास गूळ?"

"ताजी ढेप आहे, गड्या."

"मला शिकवू नगं!" असं म्हणून त्यानं दुसरा खडा स्वतःच्या हातानं फोडून खाल्ला. गोड. मग माझा हात धरून नाकाशी नेला. "करंजेल! हाताला करंजेल हाय तुझ्या. आन् आख्ख्या गावाला गूळ वाटीत हिंडतोय भाद्दर."

मी हात चाटला. कडू जहर.

हिवताप नाही. कोयनेल नाही. हात! नुसत्या पाण्यानं धुवायचो, नखात, कातड्यात तेल तसंच. त्याच हातानं भाकरी खायचो. आणि त्याच हातानं भुरीला अंडं, सुकट, काळीज, दुधाची वात — सगळं करंजात घोळून! वर ती मांडी चाटते. बैल मांडी चाटत नाही. चाटली तरी एवढी नाही. मांजराचा तर सारा दिवस अंग चाटण्यात जातो. जीभ कडू, मिशा कडू, पोटात करंज. लाळ गळेल नाही तर काय!

छबूबाई हसत हसत म्हणाल्या होत्या आणि मीही हसलो होतो.

पळत घरी. राख आणि रिठ्यानं हात घासले, कातडी लाल होईस्तोवर. पाणी तापवलं, डाळीचं पीठ घेतलं, भुरीला पाटीतून काढलं. तिच्यात ओरबाडायचीही ताकद नाही. तरी निसटत होती. तेवढ्यात आई शेजारी येऊन बसली. तिनं मान धरली, मी मांडी चोळली. दोघांची डोकी एकमेकांना लागत होती. दोन वर्षांत आई इतकी जवळ आली नव्हती.

"भुरे," आई म्हणाली, हलक्या आवाजात, "सांग त्याला, पानी लई ऊन हाय."

आठवड्यानं पहिले शब्द! मी पाण्यात गार पाणी ओतलं. "भुरे, आईला सांग, चूक माझी होती. तेलाची."

आई आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून भुरीला पुसत राहिली.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

नाही खाल्लं.

धुतलं, पुसलं, ताटली नवी, हात स्वच्छ. सुकट ताजी भाजली. वास घेते, आणि मागं सरते. आता तिला वाटतंय की घास म्हणजे कडूच. माझा हात दिसला की डोळे मिटते. उशीर केला मी. चार दिवस आधी कळलं असतं तर!

लाळ थांबली एवढंच. मच्छिंद्रभाऊंना दाखवलं. "बरं हाय," म्हणाले, "पन खात न्हाई ना?" पोतं अंगणात वाळत घातलेलं दिसलं. गव्हाचं असेल. असेल.

फासळ्या मोजता येतात. उचलली तर रिकामी टोपी उचलल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी सहादेव बोलावून गेला, "तांबडं फुटायच्या आत निगू. येनार आसलास तर पुलाकडं ये." पाय शिवशिवतात. खरं लिहायचं तर नुसते पाय नाहीत. उद्या बुधवार. ती डोळ्यांसमोर गेलेली मला बघवणार नाही. आणि मग आई चुलीपुढं बसणार, मी दारात बसणार, मधे कुणी नाही. ते तर त्याहून बघवणार नाही.

आई पाटीशी बसलीय. ताटली तिनं माझ्या हातातून काढून आपल्याकडं घेतली. एकेक कोळंबी बोटानं चुरतेय.

पिशवी भरून ठेवलीय. जायचं की नाही ते पहाटे बघू.

२० फेब्रुवारी, बुधवार

पाटाच्या पुलापलीकडं गेलो होतो. खोंड पुढं, मी गाडीत मागं पाय सोडून बसलेला. सहज वळून पाहिलं तर रस्त्यानं आई पळत येतेय. अनवाणी, पदराचं भान नाही. आईला पळताना मी कधी पाहिलेलं नाही. गेली भुरी! सहादेवनं बैल थांबवले.

आई गाडीला धरून उभी राहिली. धाप लागलेली. बोटांना सुकट चिकटलेली.

"यशया! खाल्लं रं तिनं! समदी ताटली चाटून फुसून! आन् तू कुटं निगालास, गाढवा? न सांगता? परत? उतर खाली, मेल्या, उतर!"

मी आईच्या मागं पाहिलं, पायाशी पाहिलं. भुरी कुठंच नव्हती.

मला म्हणत होती.

उतरलो.