अक्काचे शंभर दाणे

शिरड शहापूर
रविवार, १ जून २०२५

सकाळी झाडलोट केली. नळ आला नाही. दुपारी बियाण्याच्या सोयाबीनची पोती तपासली. एकावर अक्काने कोळशाने तुमचं नाव लिहिलेलं सापडलं.

प्रिय भीमराज, जळबाचा सप्रेम जय भीम. तुमची कंबर कशी आहे? मी ठीक. भाकरी जमू लागली आहे (आकार विचारू नये).

तुम्हा सगळ्यांची अक्का, माझी बायको, फेब्रुवारीत गेली, त्याआधीच्या उन्हाळ्यातली एक गोष्ट सांगायची राहिली. नांदेडला तिच्या कॅन्सरच्या गाठीवर पंचवीस दिवस लाईट, म्हणजे किरणं, दिली, तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात की किरणं अंगात मुरतात, बियाणं तिच्यापासून लांब ठेवा. मी बी.एस्सी.ला दोन वर्षं काढलेला माणूस, तरी ऐकलं. पोतं शेजारच्या संतरामच्या गोठ्यात नेलं आणि राखणीला तिथेच झोपू लागलो. किरणांपासून वाचवलेलं ते बियाणं पायलीभर शेळीने खाल्लं.

अक्काला कळलं. ती रागावली नाही, हेच अवघड गेलं. डॉक्टरबाईंना तिने सगळं विचारून ठेवलं होतं. दावं हातात घेऊन मला म्हणाली, "पेशीतला डीएनए असाच, दोन पेडांचा. किरणानं एक पेड तुटला तर पेशी दुसऱ्याकडं बघून सांधून घेती. दोन्ही एकाच जागी तुटले की सांधा बराबर बसत न्हाई, मग ती मरती. गाठीतल्या पेशींना सांधणं नीट जमत न्हाई, म्हणून रोज थोडं थोडं देतेत, मधल्या वेळात चांगल्या पेशी सावरतेत. मशीन बंद झाली की किरण संपला. पोतं काहून हलवलं तुमी?"

मग तिने शंभर दाणे तीन दिवस पदरात बांधून ठेवले, शंभर गोठ्यातले घेतले, आणि दोन ओल्या गोणपाटांत गुंडाळले. पाचव्या दिवशी तिचे ब्याऐंशी उगवले, गोठ्यातले एकोणऐंशी. तीन दाण्यांच्या फरकाला अर्थ नाही, असं तीच म्हणाली. तिच्या जागी मी असतो तर गावभर सांगितलं असतं.

तुमचा,
जळबा

ता. क. नाव लिहिलेलं पोतं त्याच बियाण्यातून आलेल्या पिकाचं आहे, तिने खाटेवर बसून निवडलेलं. ते न्यायला या. मागे तिच्या आजारात दारातूनच बोलून गेलात, तसं करू नका. आत येऊन बसा.

ता. क. २. राखणीचं मी खोटं लिहिलं. तिच्याजवळ झोपायला भीत होतो. तुम्ही दारात तरी आलात.

आता गोणपाट भिजवतो. अक्का मोजायची, मी दहा-दहाच्या ओळीत मांडायचो. आज मोजायचंही मलाच आहे.