मागची खोली आणि बेचाळीस चित्रं

२ जून, सकाळी ७
निवृत्तीनंतरचा पहिला शिस्तीचा दिवस. निवृत्तीला चौदा महिने झाले, पण शिस्त आजपासून.

कलाकेंद्रात वार्षिक प्रदर्शनाचा ओपन कॉल लागलाय, म्हणजे कुणीही चित्र द्यावं, निवडलं तर लागतं. मला चावीवाल्यानं सगळ्यांच्या आधी सांगितलं. केंद्राच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात, त्यामुळे बातमी आतली. मी तिथे आठ वर्षं व्हॉलंटियर आहे. चित्रं टांगतो, लेबलं चिकटवतो, खुर्च्या मांडतो. आठ वर्षं लोकांची चित्रं टांगली. यंदा माझं टांगलं जाणार. बस्स, ठरलं.

निश्चय: सहाला उठणे. रोज चार तास चित्र. चहा दोनदाच.

२ जून, दुपारी ४
चौथा चहा. कारण घरात चर्चा झाली.

हिची थोरली बहीण, आक्का, बाथरूममध्ये पडल्या तेव्हापासून त्यांच्या खुब्याचं चाललंय. आता डॉक्टर म्हणतात, हॉस्पिटलमधून दीड महिन्यानं सोडू, पण त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी एकट्यानं राहायचं नाही. मग कुठे राहायचं? ही म्हणाली, आपली मागची खोली आहे की. मी शांतपणे सांगितलं, ती खोली नाही, तो स्टुडिओ आहे. ही म्हणाली, अकरा वर्षं ऐकतेय, त्यातून बाहेर काय आलं? मी म्हटलं, उजेड बघ तिथला. ही म्हणाली, आक्कालाही उजेड आवडतो.

शेवटी तडजोड. चित्र प्रदर्शनात निवडलं गेलं तर खोली माझी, आक्कांचं हिचा भाऊ बघेल. नाही गेलं, तर ईझल बाहेर आणि खाट आत. मी लगेच हो म्हटलं. एवढी सोपी अट घालून ही स्वतःच फसली, बिचारी. आक्कांबद्दल मला सहानुभूती आहेच.

५ जून
नियम वाचले. एका कलावंताचं एकच चित्र. अडीच फुटांपेक्षा मोठं नको. मागे कड्या लावलेल्या हव्यात. सोबत चित्रामागचा विचार सांगणारं दीडशे शब्दांचं स्टेटमेंट.

अडीच फूट! माझं डोक्यातलं चित्र सात फुटी आहे. ही संकुचित वृत्ती मोडून काढण्यासाठी संचालिका बाईंना भेटलो. बाई वयानं माझ्या मुलीएवढ्या, मला काका म्हणतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, काका, बरं झालं आलात, जिन्यातल्या त्या दोन फ्रेमा वाकड्या झाल्यात, जरा बघता का? बघितल्या. सरळ केल्या. सात फुटांचा विषय राहूनच गेला.

११ जून
स्टेटमेंट लिहिलं. नऊशे चाळीस शब्द. आता फक्त कापायचंय.

१९ जून
कापून अकराशे झाले. विचार वाढत जातो, त्याला मी काय करणार?

उठणे: साडेआठ. पण सहापासून जागा होतो, हे नमूद करतो.

२७ जून
केंद्रात दातांचे डॉक्टर भेटले. दवाखाना मुलाकडे सोपवून गेल्या वर्षी चित्रं काढायला लागले. एका वर्षात माणूस चित्रकार होतो, असा यांचा समज. त्यांचं चित्र पूर्णसुद्धा झालंय. दाखवलं. दवाखान्याबाहेरचा बाक. बाकावर एक छत्री. संपलं! माणूस नाही, काही नाही. मी म्हटलं, छान आहे, पुढे काय घालणार त्यात? ते म्हणाले, काही नाही. मला त्यांची दया आली.

४ जुलै
चित्राचा विषय नक्की. उंचावरची पाण्याची टाकी. एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नळांचे नकाशे काढले, टाकी माझ्या हाडीमासी भिनलीय. आज कॅनव्हासला पांढरा हात दिला. वाळेपर्यंत विश्रांती.

८ जुलै
अजून विश्रांती. पाठ धरलीय.

१३ जुलै, सकाळी ११
परवा चित्र द्यायचं आहे. घाबरायचं कारण नाही, दडपणाखालीच मी फुलतो. सकाळपासून टाकी उभी केली. खांब आधी मोकळ्या हातानं मारले, ते थरथरले. मग पट्टी घेतली. पट्टी घेतल्यावर कसं बरं वाटलं. शिडीच्या अठ्ठेचाळीस पायऱ्या, एकही वाकडी नाही.

ही चहा घेऊन आली, बराच वेळ बघत उभी राहिली. मग विचारलं, हे वॉशिंग मशीन स्टँडवर का ठेवलंय? सामान्य प्रेक्षकाची प्रतिक्रिया म्हणून नोंदवून ठेवतो.

१५ जुलै
दिलं. स्टेटमेंटमधले पहिले दीडशे शब्द दिले. वाक्य मध्येच तुटतं, पण तुटलेपणालाही एक अर्थ असतो.

१८ जुलै, संध्याकाळी ६
आज निवड झाली. हे सविस्तर लिहायलाच हवं.

आमच्याकडची पद्धत अशी. चित्रामागच्या नावावर कागद चिकटवतात, म्हणजे कुणाचं आहे ते परीक्षकांना कळत नाही. तीन परीक्षक समोर बसतात. व्हॉलंटियर पांढरे हातमोजे घालून एकेक चित्र छातीशी धरून उभा राहतो. चेहरा दगडासारखा ठेवायचा, तोंडातून अक्षर काढायचं नाही. हो म्हणाले की चित्र उजव्या भिंतीला, नाही म्हणाले की डाव्या. आठ वर्षं हे काम मीच करतो, कारण माझे हात हलत नाहीत. स्वतःचं चित्र दिलंय म्हणून यंदा नको म्हणायला हवं होतं, पण कुणी विचारलंच नाही.

एकशेदहा चित्रं. दातांच्या डॉक्टरांचा बाक आला तेव्हा तिघं एकदम पुढे वाकले. मला वाटलं डुलकी लागली. मग तिघांनी हो म्हटलं.

सत्तरावं माझं. उचललं, धरलं. दाढीवाले परीक्षक म्हणाले, हा कसला आराखडा आहे? दुसऱ्या शिल्पकार बाई म्हणाल्या, स्वच्छ आहे. तिसऱ्या आमच्या संचालिका बाई. त्यांनी डोकं तिरकं करून बघितलं आणि म्हणाल्या, काढणाऱ्याला कसली तरी भीती वाटतेय. तिघांचं नाही. सहा सेकंद लागले असतील. मी तसाच उभा. बाई म्हणाल्या, काका, पुढचं.

हातमोज्यांत घाम आला होता. डावी भिंत लांब होती, शिवाय तिकडे गर्दी झालेली. उजवी जवळ. मी ते उजवीकडे ठेवलं. सत्तर चित्रं उचलल्यावर कुणाचाही हात चुकू शकतो. चावीवाला दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग किल्ल्यांकडे बघितलं.

घरी आल्यावर हिनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, चित्र उजव्या भिंतीला आहे. यात एक शब्द खोटा नाही. हिनं माझ्याकडे टक लावून बघितलं, बरं म्हणाली आणि फोन घेऊन गॅलरीत गेली. भावाला लावला असणार.

१९ जुलै
स्टुडिओत दिवसभर बसलो. काही केलं नाही. उजेड खरंच चांगला आहे.

२० जुलै
सकाळी आक्कांचा फोन. थेट मलाच. अभिनंदन भाऊजी, म्हणाल्या, हिनं सांगितलं. आता वॉकर घेऊन चार पावलं टाकता येतात, उद्घाटनाला कुणाच्या तरी गाडीतून नक्की येते. तुमचं चित्र बघायचंय. खोलीबद्दल अवाक्षर नाही. मी म्हटलं, कशाला त्रास घेता. त्या म्हणाल्या, त्रास कसला, घरातला माणूस आहे.

जेवण गेलं नाही. पित्त असावं.

निश्चय: उद्या जाऊन बाईंना सांगायचं.

२१ जुलै, रात्री ८
आज टांगणी. बाईंना सांगणार होतो, पण त्या फोनवर होत्या, मग मी शिडीवर होतो, मग सांगायची वेळ निघून गेली.

दुपारी भानगड झाली. भिंत बेचाळीस चित्रांची आखलेली. उजव्या बाजूला निघाली त्रेचाळीस. बाईंची यादी छापखान्यात गेलेली. त्या वैतागल्या, डोक्याला हात लावला आणि म्हणाल्या, मोजण्यात घोळ झाला असेल माझाच. काका, तुमची नजर कधी चुकत नाही. सगळी लावून बघा, जे भिंतीवर बसत नाही ते एक काढा. तुम्ही काढाल ते मला मान्य.

आठ वर्षांत पहिल्यांदा केंद्रानं निवड माझ्या हातात दिली. मी त्रेचाळीसही टांगली. आणि अर्थातच दातांच्या डॉक्टरांचा बाक काढला.

मागे सरकून बघितलं. भिंत मेल्यासारखी झाली. पुन्हा लावला. मग कुणाची तरी फुलं काढली, कोपरा रिकामा दिसायला लागला. फुलं लावली. कुणाचं म्हातारं कुत्रं काढलं, आणि माझं मलाच कसंतरी झालं. कुत्रं लावलं. दोन तास हे चाललं. चावीवाला चहा ठेवून गेला, त्यावर साय धरली.

प्रत्येक वेळी माझी नजर टाकीपाशी येऊन अडत होती. तिथून पटकन पुढे सरकावंसं वाटत होतं. शेजारी तो बाक. छत्री कुणीतरी विसरून गेलंय आणि परत येणार नाही, एवढंच आहे त्यात. पण आहे. माझ्या टाकीत पाणी नाही. अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत आणि वर चढायची कुणाचीच हिंमत नाही.

मी टाकी काढली. मागे सरकलो. भिंत एकदम सुरेख झाली. आठ वर्षांतली माझी सगळ्यात चांगली भिंत.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. हे लिहून ठेवतो, नाहीतर उद्या दुसरंच काहीतरी लिहीन.

बाई आल्या. भिंत बघून म्हणाल्या, वा काका, अगदी बरोबर. मग काढलेलं चित्र हातात घेतलं, म्हणाल्या, पण याला आम्ही हो कधी म्हटलं? उलटं करून नावावरचा कागद सोलला. वाचलं. मग चित्र हळूच भिंतीला टेकवलं आणि म्हणाल्या, काका, ऑगस्टमध्ये नवीन व्हॉलंटियरसाठी चित्रं कशी टांगावी याचं शिबिर घ्यायचंय, तुम्ही शिकवाल का? असं शिबिर घेणं ही कलावंतासाठी मोठी संधी असते म्हणे. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

२२ जुलै, सकाळी १०
हिला सांगितलं. म्हणजे असं सांगितलं, की मीच चित्र मागे घेतलं, आक्कांसाठी. कलेपेक्षा माणूस मोठा.

ही कणीक मळत होती, थांबली नाही. म्हणाली, खाट शनिवारीच सांगून ठेवलीय. शनिवार म्हणजे अठरा तारीख. मी विचारलं, तेव्हा तर चित्र उजव्या भिंतीला होतं ना? ही म्हणाली, चित्र निवडलं गेलेल्या माणसाचं तोंड असं असतं होय? मग आक्कांना का सांगितलंस, असं विचारलं. तर म्हणाली, दोन दिवस तरी तुमचं कुणीतरी कौतुक करू दे म्हटलं.

मी परातीत बघितलं. कणीक छान मळली गेली होती.

२४ जुलै
उद्घाटन. खुर्च्या मी मांडल्या. आक्का येणार होत्या, हिनं त्यांना परस्पर नको म्हणून सांगितलं. दातांच्या डॉक्टरांच्या बाकासमोर गर्दी. ते मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, तुम्ही फार चांगल्या जागी लावलंत हो. मी म्हटलं, जागा होतीच ती.

२९ जुलै, दुपारी ३
आक्का आल्या. ईझल गॅलरीत, त्यावर टॉवेल वाळतायत. खाट खिडकीपाशी लावली. आक्कांना उजेड आवडला.

झोपल्या झोपल्या समोरची भिंत फार ओकीबोकी दिसते, म्हणाल्या. काहीतरी लावा ना भाऊजी, तुमच्या हातचं. मी टाकी आणली, उशी उंच करून त्यांना नीट दाखवली. कुठून बघायची, उजेड कसा पडलाय, सगळं समजावलं. त्यांनी अगदी मन लावून बघितलं. खालून वर, मग वरून खाली. मग फार मायेनं म्हणाल्या, औषधं वेळेवर घ्यायची असतात, तिथे एखादं घड्याळ असतं तर बरं.

घड्याळ लावलं.