घाटातला माईक कुणाचा?

प्रिय नाना,

काल संध्याकाळी यात्रा कमिटी घरी आली, चहा प्यायली आणि जाताना तुमच्या नावावर एक खोटं ठेवून गेली. म्हणून हे पत्र. एरवी गेलेल्या माणसाला पत्र लिहिणाऱ्यांची मी भर लेखात टिंगल केलेली आहे. पण मी ज्या ज्या गोष्टीला हसले ती ती मला पुढे करावी लागली, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

यात्रा आठ दिवसांवर आली. चाळीस वर्षं घाटात, बैलगाडा शर्यतीच्या त्या चढाच्या धावपट्टीवर, तुमचा आवाज होता, यंदा नाही. कमिटीचे अध्यक्ष बाजीरावभाऊ म्हणाले, "ताई, निवेदक भायरून आनतोय. साउंडबी त्याचाच."

"कशाला? मी आहे की!"

चहा बशीत ओतता ओतता त्यांचा हात थांबला. "तुमी? आवो, तुमी लिवनाऱ्या. नानांनी कुनाला शिकवलंच न्हाई, हीच तर अडचन हाय. चाळीस वर्सात येक मानूस तयार केला न्हाई राव त्यांनी."

ते खोटं हेच, नाना. मग मी कोण होते?

तुमच्या दहाव्याला नदीकाठी अकरा जण बोलले. सगळ्यांनी तुमच्या आवाजाचं कौतुक केलं आणि एकालाही माईक धरता येत नव्हता. एकाने तो तोंडात घातला, एकाने पोटाशी धरला. माजी सभापतींनी तुमच्या आठवणी म्हणून स्वतःच्या रस्त्यांची यादी वाचली. मी मागे बायकांत बसले होते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मॅडम, हसू नका, मानूस मेलाय." मेलेले तुम्हीच होतात, एवढाच काय तो फरक!

आपली गाठ कशी पडली, आठवतं? मी ओतूरच्या शाळेत मराठी शिकवत होते आणि साप्ताहिकात दर शनिवारी कुणाची तरी सालटी काढत होते. एका शनिवारी तुमची पाळी आली. घाटातला निवेदक म्हणजे भोंग्याला फुटलेले पाय, असं काहीसं लिहिलं होतं. 'भिर्रर्र' या आरोळीला कोणत्याही शब्दकोशात अर्थ नाही, हे मोठ्या हुशारीने नोंदवलं होतं. मैत्रिणींचे फोन आले. मी खूश होते.

सोमवारी तुम्ही शाळेच्या फाटकात उभे. पांढरी टोपी, हातात माझ्या लेखाची घडी. मला वाटलं, आता भांडण होणार. मी उत्तरं तयारच ठेवली होती.

"लई झाक लिवलंय, मॅडम," तुम्ही म्हणालात. "सूनबाईनं वाचून दाखवलं, समदं घर हसलं. येकच इचारायचं व्हतं. तुमी घाटात कवा आल्ता?"

मी कधीच आले नव्हते. घाट माझ्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर, आणि सत्तेचाळीस वर्षांत मी तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. बायका जात नाहीत, या एका वाक्यावर माझ्यासारख्या तोंडाळ बाईनेसुद्धा आयुष्य काढलं होतं!

"ती आरोळी डिक्शनरीसाठी नसती," तुम्ही शांतपणे सांगितलंत. "गाडा सुटला की गर्दीतला मानूस वाटंतून भायेर झाला पायजे. त्ये ऐकून त्यो उडी मारतो. न्हाईतर बैलाखाली जातो."

ज्या आवाजाने माणसं वाचत होती, त्याच्यावर मी विनोद केला होता. आणि तुम्ही मला 'चुकलात' असंसुद्धा म्हणाला नाहीत, नुसतं बोलावलंत. "या की येकदा."

मी आले, ती तीन वर्षं येतच राहिले.

शिकवणं म्हणजे काय, तर तुम्ही मला तुमच्या कांद्याच्या बांधावर उभं करायचात आणि स्वतः पार त्या टोकाला विहिरीवर जाऊन बसायचात. मी गाडामालकांची नावं पुकारायची. ऐकू आलं नाही की तुम्ही टोपी हलवायचात. "पोटातून काडा! गळ्यातून काडलं तर दुपारपातुर मांजर व्हतंय!" कांदे काढणाऱ्या बायका हसून लोळायच्या. एक म्हणाली, "बाई, एवढं नवऱ्याला वरडल्या असता तर संसार सुधारला असता." मी बीए, एमए, बीएड. तिथे मात्र मी पहिलीत होते, आणि पहिलीत नापास होत होते. सांगू? फार बरं वाटायचं.

पण घाटात तुम्ही मला कुठे बसवलंत? स्टेजच्या मागे. गाड्याची पाळी आली की मालकाचं नाव, गावाचं नाव चिठ्ठीवर लिहून तुमच्या हातात द्यायचं. कुणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "ह्या आपल्या चिठ्ठ्या लिवत्यात." नाना, एकदा तरी 'ही माझी शिष्या' म्हणाला असतात तर तुमची टोपी खाली पडली असती का? वाघाच्या डरकाळीचा माणूस, आणि एवढ्या एका वाक्याला तुमचा आवाज बसायचा! बाजीरावभाऊ खोटं बोलले, पण त्या खोट्यात अर्धा वाटा तुमचाही आहे. हे मी तुमच्या फोटोसमोरही बोलले असते. फोटो कमिटीच्या फ्लेक्सवर आहे, म्हणून कागदावर बोलते.

एकदाच माईक हातात आला. दोन वर्षांपूर्वी, सकाळी, तुम्हाला खोकल्याची उबळ आली तेव्हा. दोन बाऱ्या, म्हणजे दोन गाड्यांच्या पाळ्या, मी नीट सांगितल्या. तिसरी बारी आंबेगावच्या वरच्या अंगाची, भीमाशंकरकडच्या एका वाडीची. गाडा सुटला खरा, पण धावलाच नाही. बैल रमत गमत चढू लागले. आणि माझ्यातली शनिवारची बाई जागी झाली. मी म्हणाले, "मंडळी, हे बैल दर्शनाला निघालेत, शर्यतीला नाही!"

घाट हसला. केवढा हसला! माझ्या कुठल्याही लेखाला एवढं हसू आलं नव्हतं. मी वळून तुमच्याकडे पाहिलं, शाबासकीसाठी. तुम्ही माईक काढून घेतलात, त्या मालकाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, वाडीचं नाव खणखणीत पुकारलंत आणि मला म्हणालात, "उद्या त्येच्या गोठ्यात जायचं. बैलांची नावं इचारून यायची."

मला राग आला होता. तरी गेले. एसटी, मग जीप, मग अर्धा तास चढ. त्या माणसाचं नाव सोमा. त्याने मला ओळखलं. आवाजावरूनच ओळखलं! तरीही खाली घोंगडी टाकली.

"ह्यो राजा, ह्यो सोन्या," तो म्हणाला. "वरीसभर भाताच्या खाचरात चिखल तुडवत्यात, ताई. पळायचं काम त्यांना कुनी शिकवलंच न्हाई. पन आमच्या वाडीचं नाव घाटात कवा घेतलं नव्हतं. म्हनलं, येकदा घेऊ दे."

त्याच्या बायकोने नाचणीची भाकरी वाढली. ती खाता खाता मी चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहून घेतली.

परत आल्यावर तुम्ही विचारलंत, "काय नावं?" मी सांगितली. तुम्ही मान हलवलीत, "आता ध्येनात ऱ्हातील." भाषण नाही, उपदेश नाही. मी वर्गात तासन् तास बोलते आणि मुलं काही शिकत नाहीत. तुम्ही चार शब्द बोललात आणि माझी सगळी शनिवारची दुकानदारी उलटी केलीत. त्यानंतर मी लिहिते अजून, आणि टोचूनच लिहिते. फक्त कुणाला टोचायचं, ते आधी त्याच्या दारात जाऊन बघून येते. सभापतींच्या दारात दोनदा जाऊन आले. काळजी नसावी, तिथे काही सापडलं नाही मला आवरायला.

तर काल. बाजीरावभाऊंना मी हे सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, म्हणजे मोबाईलकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "तुमच्या हस्ते नानांच्या फोटूला हार घालू. मान तुमचा."

"हार कुणीही घालेल. मला माईक द्या."

"लोकं काय म्हनतील, ताई?"

"म्हणतील, आवाज येतोय."

सोबतच्या एकाला हसू आलं, ते त्याने मिशीत दाबलं. मग भाऊंनी तोडगा काढला: सकाळी आठ ते नऊ. तेव्हा घाटात चिटपाखरू नसतं, नामांकित गाडे अकरानंतर येतात. साउंड पहाटेच लागेल, नऊला बाहेरचा निवेदक येईल, त्याच्याकडे माईक द्यायचा आणि हार घालायला स्टेजवर यायचं.

मी हो म्हणाले. इतक्या पटकन हो म्हणाले की त्यांना संशयच आला असावा.

नाना, भीती वाटते. रात्रीतून घसा बसेल, नाव चुकेल, कुणी शिट्टी मारेल. चुकले तर तिथेच माईकवर चुकलं म्हणेन. तेवढी लाज तुम्ही माझ्यातून काढून टाकली आहे. आणि पहिलं वाक्य ठरलेलं आहे. तुम्ही जे कधी बोलला नाहीत, ते मी बोलणार: "मी नानांची शिष्या." तुमची हरकत असेल तर ती नोंदवायला आता उशीर झाला आहे.

आणखी एक. नऊ वाजता ते माईक मागायला येतील. शब्द देते तुम्हाला.

देणार नाही.

तुमची,
न विचारता झालेली आणि न विचारता राहणारी शिष्या,
मॅडम