दोनशे अकरा दाखले आणि एक तीस-हजारांश

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: जेवणाचं टेबल, चारही पाय सारखे, पुस्तकांचं कपाट, मुलीसाठी पितळी भोवरा, एकोणतीस वर्षांत लेथवर उतरवलेले शाफ्ट, ते कारखान्याचे, आणि अकरा वह्यांत दोनशे अकरा दाखले, ते माझे. या सगळ्याचा कर्ता मी, वय छप्पन्न, दहावी नापास, पुढचं शिक्षण स्वतःचं स्वतः. येत्या सोमवारी हृदयाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून आजच ही व्यवस्था लावतो. डोकं ठिकाणावर आहे. दबाव कुणाचा नाही. दबाव टाकायला घरात दुसरं कुणी नाही.

१. राहती खोली मुलीला. मोरीतला नळ उलटा बंद होतो, जोर लावू नये.

२. मायक्रोमीटर व हत्यारांची पेटी शेजारच्या लेथवरच्या सोबत्याला. "काय प्रोफेसर, आज किती वर्ग?" असं तो रोज चिडवायचा आणि उसनं नेलेलं मायक्रोमीटर कधी पुसून दिलं नाही. तरी त्यालाच. डबा खाताना समोर बसणारा तो एकटाच.

३. विद्यापीठातल्या प्राध्यापकांना काहीही नाही. वही न उघडताच त्यांनी विचारलं, "पदवी कुठली?" मी म्हटलं, "गुणून बघा. गुणाकाराला पदवी लागत नाही."

४. अकरा वह्या. रद्दीत जाऊ नयेत म्हणून खुलासा: एखादी बहुपदी, तिच्यात कोणतीही संख्या घाला, शून्याखाली जात नाही, असं नुसतं म्हणून भागत नाही. ती वर्गांची बेरीज म्हणून मांडून दाखवायची. वर्ग कधी ऋण नसतो, त्यामुळे बेरीजही ऋण नसते. हा दाखला. काही बहुपदी हट्टी. त्यांना आधी दुसऱ्या धन बहुपदीने गुणावं लागतं, मगच बेरीज जुळते. माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, कंस सोडवावेत.

मुलीने सोडवले. ती शाळेत गणित शिकवते. सहा वर्षांपूर्वी तिचा फोन आला: "बाबा, एकशे त्रेसष्टावा जुळत नाही. सहगुणक किंचित जास्त येतोय."

"तुझ्या कॉम्प्युटरची चूक असेल."

"हाताने केलंय, बाबा."

"मग हात तपास."

त्यानंतर आमचं बोलणं नाही. मीही वही उघडली नाही. गेल्या महिन्यात, शस्त्रक्रिया ठरल्यावर, उघडली. दोन तृतीयांशाच्या जागी मी ०.६६६७ लिहिलं होतं. फरक एक तीस-हजारांश. "साधारण बरोबर" म्हणणाऱ्यांना मी कारखान्यात उभा सोलायचो. मुलीचं बरोबर होतं. दाखला दुरुस्त केला आहे. खाली दुरुस्ती करणारी म्हणून तिचं नाव घातलं आहे. वह्या तिच्या. हे तिला फोनवर सांगायला चार वेळा नंबर फिरवला, चारही वेळा रिंग वाजण्याआधी ठेवला.

सही: मृत्युपत्र करणार
साक्षीदार: १. लेथवरचा सोबती २. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई
ठिकाण: राहती खोली. १९ नोव्हेंबर, सकाळी साडेदहा.

सह्यांखाली जागा उरली, म्हणून दोघांसमोरच आणखी एक नोंद. सहा वर्षांपूर्वीच्या त्या फोनवर, चुकीचा विषय काढण्याआधी, मुलगी म्हणाली होती, "लेथ सोडा आता. आमची मागची खोली तुमची. नुसतं गणित करा. महिन्याला बारा हजार मी देईन." मी नको म्हटलं. तेव्हा तिचा पगार बावीस हजार होता.