चालतं इंजिन खोलायची रीत

बाबा, तुमच्या पणतीचं जहाज काल सुखरूप किनाऱ्याले लागलं. माझी नात म्हणजे तुमची पणतीच की. तुमी तिले पाह्यलं नाही, पण नाक तुमचंच घेतलं तिनं, अन् हट्टही. मुंबईत जहाजाच्या कंपनीत इंजिनिअर आहे. कोणत्या रीतीनं देखभाल केली तर जहाज कमी बिघडते, हे पारखायचं तिचं काम. ठरल्या तारखेले इंजिन खोलावं, बिघडल्यावर खोलावं, का थरथर अन् तेल तपासत राहावं अन् गरज दिसली तरच हात लावावा? यावेळी हिनं लिहून देल्लं, इंजिन चांगलं आहे, खोलू नका. मोठे साहेब नाराज. भर समुद्रात बंद पडलं असतं तर सारं हिच्याच डोक्यावर आलं असतं. जहाज पोचेपर्यंत बाप्पा, मले भाकर गोड लागली नाही. फोनवर म्हटलं, "अवं, न खोलता कसं समजते?" तर म्हणे, "आजी, चालतं इंजिन खोललं की जोडताना चूक व्हते. कितीकदा बिघाड तिथूनच सुरू व्हते."

मले तुमीच दिसले, माह्या लहानपणचे. दसरा आहे. वावरातल्या इहिरीवरचं ऑइल इंजिन तुमी पूजेसाठी सारं खोलून पोत्यावर मांडता, घासलेटात धुता, नटानटाले कुंकू लावता. माय बांधावरून ओरडते, "चालत्या गाड्याले खीळ काहून घालता? नुसतं फूल वाहा ना!" तुमी म्हणता, "तुले काय समजते मशिनीतलं!" अन् जोडून झालं की एखादं वायसर उरतेच. दुसऱ्या दिवशी इंजिन नुसता धूर काढते. अनसिंग गावचा मिस्तरी दरसाली हसतच येये, "काय काका, झाला वाटते दसरा?"

हे ऐकून नात अशी हसली, का फोन हातात राहीना तिच्या. म्हटलं, "म्हणजे माय जिंकली?" तर म्हणे, "एका जहाजावरून काही ठरत नाही, आजी. अजून लय जहाजं पाहा लागतीन. काही पंप तर तारखेलेच खोला लागतात." तुमची बाजू थोडी राह्यली, पाहा!

आता हे पत्र कुठं टाकावं? राहू द्या इथंच, उशीखाली. एक मात्र नातीले सांगितलं नाही. इंजिन नीट चाले तवा तुमी दिवसदिवस दिसत नसा. त्या पोत्यापाशी मात्र पाना हातात द्यायले तुमाले मीच लागे. मायचं बरोबर आहे, हे मले तवाही समजे. तरी दसरा जवळ आला, की तुमी तिचं ऐकू नये असंच मले वाटे.