नॉर्वेला निघालेली पेटी

२ मार्च, रविवार
मेल आला! थेट नॉर्वेहून. जानेवारीत आमच्या चर्चच्या मंडळीला भेट द्यायला आलेल्या इंग्रिडबाई, त्यांचा. जूनच्या पहिल्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये आम्ही नवराबायकोनं मराठी भक्तिगीतं सादर करावीत, असं आमंत्रण. राहणं-जेवण त्यांच्याकडे. लिहिलंय की तुमच्या पत्नीचा आवाज अजून आमच्या कानात आहे, इथल्या वयस्कर मंडळींना तो ऐकवायचा आहे, आणि तुम्हीही अवश्य या. यातला ‘अवश्य’ महत्त्वाचा. पूर्णिमाचं नाव आधी आलं ते लेडीज फर्स्ट म्हणून.

एकतीस वर्षं चर्चमध्ये पेटी वाजवतोय. मागच्या वर्षी जिल्हा परिषदेतून रिटायर झालो, तेव्हाच वाटलं होतं की देवानं मला काहीतरी मोठ्या कामासाठी राखून ठेवलंय. ते हेच.

पूर्णिमाला मेल वाचून दाखवला. शाळेच्या वह्या तपासत होती. म्हणाली, तेव्हा सुट्टी आहे, जमेल. एवढंच. बाईला मिशनची कल्पनाच नाही.

३ मार्च, सोमवार
संकल्प. रोज पहाटे पाचला रियाज. रोज इंग्रजीची दहा वाक्यं. उपवासकाळ सुरू होतोय, तेव्हा ईस्टरपर्यंत मटण बंद. शिवाय एक नवं गीत स्वतः रचायचं. विषय: विश्वास हा प्रवास आहे. जगाला आज याचीच गरज आहे.

४ मार्च, मंगळवार, सकाळी ८.४०
आत्ता उठलो. नॉर्वेत या वेळी पहाटेचे चार वाजलेत. त्या हिशेबानं लवकरच उठलो की. शरीराला तिकडची सवय आतापासून लावलेली बरी.

९ मार्च, रविवार
शेजारच्या गणपतरावांच्या नातवाचं बारसं. रस्सा घेतला. फोडी घेतल्या नाहीत. रस्सा म्हणजे मटण नव्हे. (दोन फोडी वाटीत आपोआप आल्या. अन्न टाकणं पाप आहे.)

१८ मार्च, मंगळवार
गीत पूर्ण. चौदा कडवी. पूर्णिमाला म्हणून बघायला सांगितलं. दोन कडवी भाकऱ्या थापता थापता म्हणाली आणि थांबली. म्हणाली, एवढं पुरे, बाकीच्या बारा कडव्यांत हेच आहे. कलाकाराची घरात किंमत नसते.

चाल मात्र जमलीय. मी पेटी पूर्ण उघडून वाजवली. तिचं गाणं मध्ये मध्ये ऐकू येत होतं.

२ एप्रिल, बुधवार
व्हिसाचा फॉर्म. पूर्णिमानं आपला शाळेतल्या रुबीना मॅडमकडून भरून घेतला. परतीची तारीख चौदा जून, कारण सोळाला शाळा सुरू, सोबत मुख्याध्यापकांचं पत्र आणि परतीचं तिकीट. किती संकुचित विचार!

मी माझा स्वतः भरला. परतीच्या तारखेच्या रकान्यात लिहिलं: प्रभू ठरवील तेव्हा. परतीचं तिकीट काढलं नाही. बायबलमधले आपले पूर्वज देवानं बोलावलं तेव्हा पत्तासुद्धा न विचारता निघाले, ते काय रिटर्न काढून निघाले होते? विश्वासाच्या प्रवासात रिटर्न तिकीट म्हणजे संशय. हे वाक्य तिकडच्या भाषणात घ्यायचं.

रुबीना मॅडमनी सुचवलं की सर, तारीख तेवढी घाला की, ते लोक बघत्यात. त्यांना प्रेमानं समजावलं. पुढच्या आठवड्यात पुण्याला जाऊन बोटांचे ठसे देऊन यायचं.

२७ एप्रिल, रविवार
मंडळीनं माझा जाहीर निरोप समारंभ ठरवला. म्हणजे मी सुचवला आणि कुणी नको म्हणालं नाही. तारीख ४ मे, कारण पुढे महिनाभर हॉल लग्नांना दिलाय. चर्चचे पाळकसाहेब म्हणत होते, व्हिसा हातात येऊ द्या. म्हटलं, साहेब, तुम्हीच असं म्हणालात तर मेंढरांनी कुणाकडे बघायचं?

प्रिंटिंगवाल्या तोहिदकडे फ्लेक्स टाकला. ‘स्वरसेवक अमरसिंह सातपुते यांना परदेश सेवाप्रवासास हार्दिक शुभेच्छा.’ फोटो माझा सात फूट, कोल्हापुरी फेट्यात. पूर्णिमाचा खाली कोपऱ्यात. तोहिद विचारत होता, गाणं तर काकी म्हणत्यात न्हवं, मग त्यांचाच फोटू बारका का? त्याला म्हटलं, तू प्रिंटिंग बघ. मागे बर्फाचे डोंगर छान आलेत. विमान मात्र माझ्या कानातून निघाल्यासारखं दिसतंय.

४ मे, रविवार
भव्य समारंभ. शाल, श्रीफळ, फेटा. माझं भाषण पाऊण तास. लोक फार भावुक झाले. दोघंतिघं डोळे मिटून ऐकत होते, त्यांना जेवणासाठी हलवून जागं करावं लागलं. पाळकसाहेबांनी कानात विचारलं, व्हिसा आला का? मी मोठ्यानं आमेन म्हटलं. सगळ्यांनी म्हटलं.

९ मे, शुक्रवार
पासपोर्ट आले. पूर्णिमाचा व्हिसा मंजूर. माझा नामंजूर.

कारण: सदर गृहस्थ परत जातील याची खात्री वाटत नाही.

अर्धा तास नुसता बसून होतो. मग लक्षात आलं, हा तर गौरव आहे. माझ्या विश्वासाची सरकारी कागदावर नोंद झाली. पूर्णिमा म्हणाली, मग मी पण जात न्हाई. जरा बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. पण तिला म्हटलं, तू जा. तिकीट वाया जाईल.

१२ मे, सोमवार
फ्लेक्स अजून चौकातच. काढायला सांगितलं तर तोहिद म्हणतो, महिन्याचं ठरलंय, मधीच काढलं तर लोक इचारत्यात. सकाळी दुधाला हेल्मेट घालून गेलो, चालत. गणपतरावांनी डेअरीच्या दारातूनच हाक मारली, काय पावणं, इमान चुकलं व्हय? सगळी डेअरी हसली. त्यांना म्हटलं, फ्लाइट थोडी पुढे गेलीय. हे खोटं नाही. फ्लाइट पुढे जाणारच आहे, मी नसलो तरी.

१८ मे, रविवार
निरोप दिलेल्या माणसानं पुन्हा उपासनेला जाणं बरं दिसत नाही. घरीच प्रार्थना केली, साडेनऊ ते अकरा, डोळे मिटून. पूर्णिमा आल्यावर म्हणाली, घोरणं फाटकापर्यंत ऐकू येत होतं.

आज ती पेटीशिवाय गायली म्हणे. बिचारी. लोक काय म्हणाले विचारलं. म्हणाली, काही नाही, तेच गाणं पुन्हा गायला लावलं. म्हणजे पहिल्यांदा जमलं नसणार.

२३ मे, शुक्रवार
देवानं मार्ग दाखवला! प्रवास शरीरानंच करायचा, हे कुणी ठरवलं? ती तिकडे गाणार, मी कोल्हापुरातून झूमवर साथ करणार. इंग्रिडबाईंना मेल टाकला. उत्तर आलं की जरूर, तुम्हाला मोठ्या पडद्यावर दाखवू. मोठ्या पडद्यावर! तोहिदला फ्लेक्सवर ‘ऑनलाइन’ अशी पट्टी चिकटवायला सांगितलं. त्यानं चिकटवली ती नेमकी माझ्या तोंडावर.

२६ मे, सोमवार
पूर्णिमाला मुंबईच्या बसमध्ये बसवून दिलं. ती आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसणार. खिडकीतून म्हणाली, भ्या वाटतंय ओ. म्हटलं, मी आहे ना, ऑनलाइन. बस वळेपर्यंत उभा राहिलो. डोळ्यांत धूळ गेली. बरीच गेली.

१ जून, रविवार, दुपारी २.१५
सज्ज. फेटा बांधला. खाली लुंगी, ती दिसत नाही. तिकडे पावणेअकरा वाजलेत. फॅन बंद केलाय, आवाज नको म्हणून. घाम येतोय. आज इतिहास घडणार.

दुपारी ३.४०
घडला! अशी साथ मी आयुष्यात केली नव्हती. माझ्याच गीताची दोन कडवी आणि तीन जुनी भजनं. पूर्णिमासुद्धा आज कधी नव्हे ती मोकळी गायली. पेटीवर अजिबात कुरबुर नाही, माझ्याकडे वळून रागानं बघणं नाही. चांगली साथ मिळाली की गाणारा खुलतो, तो असा. शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. एक म्हातारी रडत होती. मी नमस्कार केला.

संध्याकाळी ५.३०
पूर्णिमाचा फोन. इतकी आनंदात होती की सुरुवातीला नुसती हसतच होती. मी विचारलं, पेटी कशी वाटली? मग म्हणाली, अहो, तुम्ही म्यूटवर होता. सुरुवातीपासून.

पेटी तिकडे पोचलीच नाही. एक सूरही नाही. पडद्यावर नुसता मी. फेटा, मिटलेले डोळे, घाम आणि डोलणं. हात चौकटीच्या बाहेर. तिकडच्या लोकांना वाटलं, हे गृहस्थ बायकोसाठी कळवळून प्रार्थना करताहेत. रडणारी म्हातारी त्यामुळे रडली. इंग्रिडबाई पूर्णिमाला म्हणाल्या की असा नवरा मिळायला भाग्य लागतं.

मी विचारलं, मग तू त्यांना खरं काय ते सांगितलंस का? नाही म्हणाली.

संध्याकाळी ७
तिनं रेकॉर्डिंग पाठवलं. राग आला होता, ऐकणार नव्हतो. ऐकलं.

हा आवाज मला माहीत नव्हता. एकतीस वर्षं दर रविवारी हिच्या शेजारी बसतो, आणि खरंच माहीत नव्हता. दुसऱ्या कडव्यात एका जागी ती इतकी हळू होते की आपोआप श्वास धरला जातो. ते कडवं मी लिहिलंय, पण तिथं असं काही आहे हे मला कुठं ठाऊक होतं. वाईट वाटलं. लाज वाटली. छानही वाटलं.

चार वेळा ऐकलं. पाचव्या वेळी साथ करावीशी वाटली. केली नाही.